वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मोर्डेकाई वुल्फ हाफकिन (जन्म : १५ मार्च १८६०, ओडेसा, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९३०, लोझान, स्वित्झर्लंड) हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन जिवाणूजन्य रोगांवर मोठ्या लोकसंख्येत वापरता येतील अशा प्रतिबंधक लशी त्यांनी तयार केल्या. दोन्ही लशी त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतल्या. त्यांच्या कार्याचा सर्वांत महत्त्वाचा काळ भारतात, विशेषतः कोलकाता आणि मुंबई येथे गेला. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९०२ मध्ये पंजाबातील एका गावात लस टोचल्यानंतर १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्याचा ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि पर्यायाने हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला. पुढे ते निर्दोष ठरले, तरी त्यांच्या संशोधनाची उमेदीची वर्षे या वादात गेली.

बालपण आणि शिक्षण

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण अझोव्ह समुद्राकाठच्या बेर्दियान्स्क येथे झाले. १८७९ मध्ये त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात निसर्गविज्ञान शाखेत प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेच्निकॉव्ह हे त्यांचे गुरू झाले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हा सिद्धान्त मांडणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेच्निकॉव्ह.

विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरोधी क्रांतिकारकांच्या संपर्कात होते व त्यांना अटकही झाली होती. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूविरोधी दंगली उसळल्या, तेव्हा ते ज्यू वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांच्या दलात होते. त्या वेळी ते जखमी झाले आणि पकडले गेले. मेच्निकॉव्ह यांनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली.

शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यापीठातील अध्यापनाची वाट त्यांच्यासाठी बंद होती. रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचा स्वीकार केल्यास ती खुली झाली असती, परंतु धर्मांतरास त्यांनी नकार दिला. १८८८ पर्यंत त्यांनी ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केले.

एकपेशीय जीवांवरील संशोधन

हाफकिन यांचे आरंभीचे संशोधन रोगजंतूंवर नव्हते. युग्लीना, पॅरामेशियम यांसारख्या गोड्या पाण्यातील एकपेशीय जीवांचे पोषण व वाढ हा त्यांचा विषय होता. पॅरामेशियमच्या केंद्रकात शिरून तेथे वाढणाऱ्या जिवाणूंचे त्यांनी निरीक्षण केले आणि १८९० मध्ये त्या जिवाणूंना होलोस्पोरा हे प्रजातीनाम दिले. हे नाव आजही वापरात आहे. जो जीव स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, त्यालाही त्याहून सूक्ष्म जिवाणूंचा संसर्ग होतो, हे या अभ्यासातून दिसून आले. एखाद्या सूक्ष्मजीवाला कोणते माध्यम मानवते आणि माध्यम बदलले की त्याच्या वाढीत काय फरक पडतो, हे बारकाईने पाहण्याची सवय त्यांना याच काळात लागली. मुंबईत प्लेगची लस तयार करताना ती कामास आली.

पॅरिसमधील वास्तव्य आणि पटकीची लस

१८८८ मध्ये हाफकिन यांनी रशिया सोडला. काही काळ जिनिव्हा येथे शरीरक्रियाशास्त्राचे साहाय्यक म्हणून काम केल्यावर १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. मेच्निकॉव्ह तेथे आधीच रुजू झाले होते. संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नसल्याने हाफकिन यांनी ग्रंथपालाचे काम पत्करले आणि उरलेल्या वेळेत प्रयोगशाळेत काम केले. पुढे ते एमिल रू यांचे साहाय्यक झाले.

पटकीचा जिवाणू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त व कोलकाता येथील रुग्णांत ओळखला होता. १८८५ मध्ये स्पेनमध्ये हाइमे फेरान यांनी पटकीची लस टोचली होती, परंतु तिची शक्ती निश्चित नसल्याने ती मान्य झाली नाही. हाफकिन यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. गिनीपिगांच्या उदरपोकळीतून जिवाणू एकापाठोपाठ एक असे अनेक वेळा नेल्यावर त्यांची मारकशक्ती वाढते आणि पुढे ती एका पातळीवर स्थिर राहते, असे त्यांना आढळले. याउलट, ३९ अंश सेल्सियस तापमानाच्या हवेच्या झोतात वाढवलेले जिवाणू दुबळे होतात. आधी दुबळे आणि काही दिवसांनी तीव्र जिवाणू टोचण्याची दुहेरी पद्धत त्यांनी यावरून ठरवली.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आणि टोचलेल्या जागी वेदना यापलीकडे त्रास झाला नाही. त्यानंतर त्यांच्या परिचयातील काही रशियन स्वयंसेवकांनीही ती घेतली. त्याच वर्षी रशियात पटकीची मोठी साथ सुरू होती, परंतु तेथील सरकारने लस वापरण्यास संमती दिली नाही. भारताचे माजी व्हाइसरॉय आणि त्या वेळचे ब्रिटनचे पॅरिसमधील राजदूत लॉर्ड डफरिन यांच्या मदतीने हाफकिन यांना भारतात काम करण्याची परवानगी मिळाली.

भारतातील पटकीची मोहीम

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यास पोचले. सरकारने त्यांना परवानगी दिली होती, मात्र लस टोचून घेण्याची कोणावरही सक्ती नव्हती. लोकांत त्यांच्याविषयी संशय होता आणि सरकारी वैद्यक खात्यातही उत्साह नव्हता. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, रशियाचे नागरिक होते आणि ज्यू होते. या तिन्ही गोष्टींमुळे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वर्तुळात ते परकेच राहिले. पहिल्या वर्षी उत्तर भारतातील शहरे आणि लष्करी छावण्यांत फिरून त्यांनी लस टोचली.

लस घेतलेल्यांना पटकी झाली नाही एवढे सांगणे पुरेसे नाही. एकाच जागी, सारखेच पाणी पिणाऱ्या आणि सारखेच जीवन जगणाऱ्या दोन गटांत फरक दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तशी संधी १८९४ मध्ये कोलकात्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या सहकार्याने मिळाली. काठलबागान या वस्तीत पटकी पसरली असता तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना लस टोचण्यात आली. त्यानंतर वस्तीत आणखी १० जणांना पटकी झाली व त्यांतील ७ दगावले. हे सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. पुढे आसामातील चहाच्या मळ्यांतील मजुरांमध्येही काम झाले. या मोहिमांत स्थानिक बंगाली डॉक्टरांचे साहाय्य मोलाचे ठरले. १८९५ पर्यंत सुमारे ४२,००० लोकांना लस देण्यात आली होती. हिवतापाने प्रकृती खालावल्यामुळे हाफकिन त्या वर्षी युरोपात गेले आणि १८९६ मध्ये परत आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगास यांनी हा रोग ओळखला. त्याआधी दोन वर्षे हाँगकाँग येथे प्लेगची साथ आली होती आणि तेथेच १८९४ मध्ये अलेक्झांडर येरसँ यांनी या रोगाचा जिवाणू शोधला होता. मुंबईतील दाट वस्तीच्या चाळी आणि धान्याची गोदामे यांत साथ झपाट्याने पसरली. लाखो लोक शहर सोडून गेले व त्यांच्याबरोबर रोगही गावोगावी गेला. पुढील काही वर्षांत तो महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत, वऱ्हाड-नागपूरपर्यंत पोचला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना याच रोगाने मृत्यू आला.

सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांविषयीचा कायदा केला. घरझडती, रुग्णांना सक्तीने हलवणे, सामान जाळणे यांमुळे लोकांत तीव्र असंतोष पसरला. २२ जून १८९७ रोजी पुण्याचे प्लेग आयुक्त रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, त्याची पार्श्वभूमी हीच होती. सरकारी आरोग्य उपायांवरचा लोकांचा विश्वास उडालेल्या या काळातच हाफकिन यांना निरोगी माणसांनी सुई टोचून घ्यावी म्हणून त्यांची मने वळवायची होती.

ते ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना जागा मिळाली. एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच मनुष्यबळ त्यांच्याकडे होते. कामाचा ताण इतका होता की एका साहाय्यकाची प्रकृती ढासळली आणि दोघे काम सोडून गेले. तरीही तीन महिन्यांत लस तयार झाली.

लस तयार करण्याची पद्धत

पटकीच्या लशीत जिवंत जिवाणू होते. प्लेगसाठी मात्र हाफकिन यांनी मारलेले जिवाणू वापरण्याचे ठरवले. त्यासाठी जिवाणू फार मोठ्या प्रमाणावर आणि शुद्ध स्वरूपात वाढवणे आवश्यक होते. त्यांनी मांसाचा पोषक रस चंबूत घेऊन त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जिवाणू या थेंबांच्या खालच्या बाजूस चिकटून वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या स्तंभांप्रमाणे त्यांचे तंतू रसात खाली उतरत. चंबू हलवला की हे तंतू तुटून तळाशी बसत आणि थेंबांखाली नवी वाढ सुरू होई. सुमारे सहा आठवडे ही क्रिया पुन्हा पुन्हा केली जाई.

या वाढीचा दुसराही उपयोग होता. प्लेगच्या जिवाणूची अशी लोंबती वाढ वैशिष्ट्यपूर्ण असल्याने चंबूत दुसरा जंतू शिरला आहे की नाही याचा अंदाज नुसत्या नजरेने घेता येई. वाढ पूर्ण झाल्यावर द्रव सुमारे एक तास ६५ ते ७० अंश सेल्सियस तापमानात ठेवून जिवाणू मारले जात आणि द्रव टिकण्यासाठी त्यात थोडे कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांच्या भावना लक्षात घेऊन गाईचे किंवा डुकराचे मांस टाळून बकऱ्याचे मांस वापरण्यात आले. साध्या तुपाचा हा उपयोग प्रयोगशाळेच्या इतिहासात लक्षणीय मानला जातो.

लशीची चाचणी

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस नेहमीच्या मात्रेपेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात, १० घन सेंटिमीटर, स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला व वेदना झाल्या, पण काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर महाविद्यालयातील अध्यापक आणि शहरातील अनेक प्रतिष्ठित नागरिकांनी लस घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी स्वेच्छेने लस घेतली. दोन्ही गटांचे अन्न, निवास आणि दिनक्रम सारखे असल्याने तुलना शक्य झाली. लस घेतलेल्यांत रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले.

१८९७ मध्ये पोर्तुगीज सत्तेखालील दमण येथे लस घेतलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ मरण पावले, तर लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मरण पावले. बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी १८९८ मध्ये प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस देण्यात आली. प्लेग शिरलेल्या घरांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. त्याच घरांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडून २६ दगावले. लशीमुळे संपूर्ण संरक्षण मिळत नव्हते, ते काही महिनेच टिकत होते आणि टोचल्यावर ताप येत असे. तरीही रोग होण्याची व त्यात मरण्याची शक्यता तिने पुष्कळ कमी होते, हे या आकड्यांवरून दिसून आले.

परळची प्रयोगशाळा

लशीची मागणी वाढत गेली तशी प्रयोगशाळेची जागा बदलत गेली. इस्माईली खोजा समाजाचे प्रमुख तिसरे आगाखान यांनी स्वतः लस घेतली, आपल्या अनुयायांना ती घेण्यास प्रवृत्त केले आणि माझगाव येथील आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. ही वास्तू पूर्वी गव्हर्नरांचे निवासस्थान होती. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे याच वास्तूत पटकीने निधन झाले होते आणि त्यानंतर गव्हर्नरांनी तेथे राहणे सोडले होते.

१८९७ मध्ये हाफकिन यांना ब्रिटिश सरकारने सी. आय. ई. हा किताब दिला. पुढे त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले.

मलकोवाल दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग बळावला आणि तेथील सरकारने लाखो मात्रांची मागणी केली. ती पुरी करण्यासाठी परळ येथे उत्पादनाचा वेग वाढवण्यात आला. नव्या पद्धतीत द्रवात कार्बोलिक आम्ल न घालता निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भर होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. धनुर्वाताच्या जिवाणूची बीजुके मातीत सर्वत्र असतात, ती उष्णतेस दाद देत नाहीत आणि प्राणवायू नसलेल्या जागी वाढतात. त्यामुळे ही बीजुके बाटलीत केव्हा शिरली, हाच कळीचा प्रश्न होता. ती बाटली ४१ दिवसांपूर्वी परळ येथे भरली गेली होती.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाटली गावात उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. म्हणजेच दोष परळच्या प्रयोगशाळेचा ठरला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले. चौकशीची कागदपत्रे १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध होईपर्यंत त्यांना जाहीरपणे बाजू मांडण्यास फारसा वाव नव्हता.

निर्दोषत्व

कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर शास्त्रज्ञांना त्यांतील विसंगती दिसू लागल्या. मलकोवाल येथे बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो पुरेसा निर्जंतुक न करता, केवळ कार्बोलिक द्रावणात बुडवून, त्याच चिमट्याने बूच काढण्यात आले होते. धनुर्वाताचे जिवाणू द्रवात ४१ दिवस वाढत असते तर बाटली उघडताच तीव्र दुर्गंधी आली असती. परंतु बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तशी दुर्गंधी जाणवली नव्हती. उत्पादनाची नवी पद्धत सदोष असती तर एकाच बाटलीत दोष आढळला नसता, हाही मुद्दा होता.

हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे सिद्ध करणारे नोबेल पारितोषिक विजेते रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू हिरिरीने मांडली. २९ जुलै १९०७ रोजी रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नाही, असा त्याचा आशय होता. ब्रिटिश संसदेतही प्रश्न विचारले गेले. अखेर १९०७ मध्ये सरकारने त्यांच्यावरील ठपका दूर करून त्यांना पुन्हा भारतातील सेवेत घेतले. फ्रान्समधील ज्यू सेनाधिकारी ड्रायफस यांच्यावर झालेल्या अन्यायाशी या प्रकरणाची तुलना केली जाते.

उत्तरायुष्य

भारतात परतल्यावर हाफकिन यांना मुंबईची प्रयोगशाळा मिळाली नाही. कोलकाता येथील जैविक प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली, पण तेथे लस उत्पादनाची सोय नव्हती. मारलेल्या जिवाणूंपासून पटकीची नवी लस तयार करण्याची त्यांची योजना होती, परंतु माणसांवर तिच्या चाचण्या घेण्यास त्यांना परवानगी मिळाली नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपात परतले.

त्यानंतर ते फ्रान्समध्ये राहिले. ज्यू धर्माचे पारंपरिक आचरण आणि धर्मशिक्षण याकडे ते अधिकाधिक वळले. १९१६ मध्ये धर्मनिष्ठेचे समर्थन करणारा त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांना साहाय्य करण्यासाठी १९२९ मध्ये त्यांनी एक निधी स्थापन केला आणि आपली बहुतेक मालमत्ता त्यास दिली. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी लोझान येथे घालवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते.

हाफकिन संस्था आणि स्मृती

परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. ज्या प्रयोगशाळेतून त्यांना दूर करण्यात आले होते, तिलाच त्यांचे नाव त्यांच्या हयातीत मिळाले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे २.६ कोटी मात्रा पाठवण्यात आल्या. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. सर्पदंशावरील प्रतिविष, विविध लशी आणि संसर्गजन्य रोगांवरील संशोधन यांसाठी ही संस्था ओळखली गेली. १९७५ मध्ये उत्पादनाचे काम वेगळे करून हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्थापन करण्यात आले.

भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्याच वर्षी स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाशी निगडित असलेले नोबेल विजेते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेल्मन वॅक्समन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रकाशित झाले.

कार्याचे महत्त्व

प्लेगच्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक लोक मरण पावले. हाफकिन यांच्या लशीने ही साथ थांबली नाही. उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत रोग पसरतो ही गोष्ट लस तयार झाल्यानंतर प्रकाशात आली. मात्र ज्या काळात सरकारकडे घरझडती आणि सक्तीचे विलगीकरण यांखेरीज दुसरे साधन नव्हते, त्या काळात हाफकिन यांनी स्वेच्छेने घेता येण्याजोगा उपाय लोकांपुढे ठेवला. लशीचा परिणाम समान स्थितीतील दोन गटांच्या तुलनेने सिद्ध करण्याचा त्यांचा आग्रह पुढील काळातील लसचाचण्यांना मार्गदर्शक ठरला.

मलकोवाल प्रकरणानंतर लस प्रयोगशाळेतून निघाल्यापासून ती टोचली जाईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरील निर्जंतुकतेकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. कोट्यवधी मात्रांनी मिळवलेला विश्वास एका दूषित बाटलीमुळे डळमळू शकतो आणि घाईने ठेवलेला ठपका पुसण्यास अनेक वर्षे लागतात, हे हाफकिन यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.